जाळीच्या सिमेंटची टाकी

सन २००४. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा. शाळेच्या दाखल्याप्रमाणे अठ्ठावन्न होतात, पण तो दाखला मास्तरानं अंदाजानं लिहिला होता आणि त्या मास्तरावर माझा कधीच विश्वास नव्हता. दुसरी पास झालो. तिसरीत त्यानं विनाकारण छडी मारली, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो आणि पुन्हा गेलो नाही. पुढचं वाचणं-लिहिणं पोथीवरून आणि बाजारातल्या पाट्यांवरून शिकलो. हे लिहितो आहे तेही त्याच बळावर.

आमचं गाव देवरीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही कोहळी. आमच्या वाडवडिलांनी या भागात तलाव बांधले, आणि गावचा तलाव आमच्याच घराण्यातल्या माणसानं बांधला. त्याची पाळ, म्हणजे मातीचा बांध, बुडाशी एवढी रुंद आहे की तिच्या पोटात दोन घरं मावतील. पाणी अडवायचं तर अडवणारं जाड पाहिजे, हे मला कोणी शिकवलं नाही. त्या पाळीवर लहानाचा मोठा झालो, तेवढ्यात कळलं. म्हणून सुनेनं जेव्हा सांगितलं की आपल्या अंगणात छपराचं पाणी साठवायची टाकी होणार, आणि तिची भिंत बोटभर जाडीची राहणार, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं, "मंग बाकीचं सिमेंट कोनाच्या घरी जाऊन राहिलं?"

ती हसली. मला ते हसणं आवडलं नाही.

टाकीची गरज नव्हती असं मी म्हणत नाही. तलावाचं पाणी धानाला आणि जनावरांना. पिण्याचं पाणी विहिरीचं, आणि विहीर चैतात तळाला लागे. मग बाया डोक्यावर गुंड घेऊन नाल्यातल्या झिऱ्यावर जात, वाटीनं पाणी उपसून भरत. मुलगा आमगावला राईस मिलमध्ये होता, आठवड्यानं यायचा. झिऱ्यावर जाणं सुनेच्याच वाट्याला होतं. तिच्या बचत गटातल्या बाया कुठल्याशा संस्थेच्या शिबिरात गेल्या आणि ही टाकी बांधायचं शिकून आल्या. शिकवणारा साहेब पोरगेलासा इंजिनिअर, मोटारसायकलवर यायचा. तो त्याला फेरोसिमेंट म्हणायचा. गावानं त्याचं नाव 'जाळीचं सिमेंट' पाडलं.

साहेबानं आमच्या ओट्यावर बसून सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ही पहिली टाकी. हिनं पाणी धरलं तर गावातल्या पुढच्या टाक्या या ताईच बांधतील. नाही धरलं तर मला बाहेरचे मिस्त्री आणावे लागतील." सून त्या बायांची मिस्त्रीण होती. तिच्या हातात थापी पाहून पानठेल्यावरची माणसं हसत. तेव्हा ही टाकी तिच्यासाठी नुसती टाकी नव्हती, हे मला दिसत होतं. पण दिसणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. अंगण माझं होतं.

सामान आलं. विटा नाहीत, दगड नाहीत. सिमेंटची थोडी पोती, थोडी रेती, थोड्या बारीक सळ्या, चौकोनी जाळीची एक गुंडाळी आणि दुसरी एक षटकोनी भोकांची पातळ जाळी. ती जाळी मी हातात घेतली आणि ओळखली. शेजारच्या माझ्या जुन्या सोबत्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला तीच ठोकली होती. तो कुंपणापलीकडून पाहतच होता.

"काय गा, कोंबड्या पाळून राहिला का?"

"टाकी आहे बे."

"खुराड्याची जाळी आणून टाकी? मंग पानी पिशील का अंडी खाशील?"

दुसऱ्या दिवशी त्या जाळीचा हातभर तुकडा कापून धोतराच्या सोग्यात बांधला आणि देवरीची बस धरली. लोखंडाच्या दुकानात जाऊन तुकडा गल्ल्यासमोर ठेवला.

"ये क्या चीज है?"

दुकानदार म्हणाला, "मुर्गा जाली है बाबाजी. कितनी मुर्गी पालनी है?"

"पानी की टंकी इससे बनती है क्या?"

त्यानं तुकडा उलटून पाहिला. मग म्हणाला, "बनती होगी. हम तो मुर्गी वालों को ही बेचते हैं."

मला जे पाहिजे होतं ते मिळालं. संध्याकाळी घरी येऊन मी ओट्यावरून मोठ्यानं सांगितलं की देवरीचा लोखंडवालासुद्धा या कामाला हसून राहिला. सून चुलीजवळ होती. ती म्हणाली, "मामाजी, त्यानं बनवली का कधी टाकी?"

"नाही."

"मंग त्याचं काऊन आयकता?"

बुढी, म्हणजे माझी घरची, तोंडाला पदर लावून हसली. घरात माझ्याविरुद्ध दोन मतं पडली होती, हे मी त्या दिवशी ध्यानात ठेवलं.

काम सुरू झालं तसा मी अंगणातल्या मोहाच्या झाडाखाली बाज टाकून बसलो. कोणावर नजर ठेवायची तर सावलीत बसून ठेवावी. बायांनी आधी बूड घातलं. मग सळ्यांचं गोल पिंजर उभं केलं, मोठ्या रांजणाएवढं नाही, त्याच्या कितीतरी पट मोठं. माणूस आत उभा राहिला तर डोकं दिसायचं नाही. त्या पिंजराला चौकोनी जाळी गुंडाळली, आणि तिच्या आतून-बाहेरून कोंबड्याची जाळी. तारेचे तुकडे आकड्यानं पिळून पिळून सगळं एकमेकांना बांधलं. सून एकेका गाठीजवळ बोट दाबून पाहायची. जिथं जाळी ढिली तिथं पुन्हा ताणायची. मी म्हटलं, "बाई, खाट विणून राहिली का टाकी बांधून राहिली?" ती म्हणाली, "खाटच समजा. ढिली राहिली का झोल येते."

मग लेप. एक बारीक अंगाची बाई आत उतरली आणि आतून पत्र्याचा तुकडा जाळीला टेकवून धरायची. सून बाहेरून सिमेंट-रेतीचा गोळा अंगठ्यानं जाळीत दाबायची. माल अगदी कोरडा, मुठीत धरला तर जेमतेम गोळा व्हावा असा. घरं लिंपताना आम्ही माती चांगली चिखल करतो. इतका कोरडा माल मी कुठं पाहिला नव्हता. मला वाटलं, यात कायतरी आहे. त्या दुपारी जेवायला गेल्या तेव्हा घमेल्यातला मूठभर माल उचलून पाण्यात कालवला, किती सिमेंट तळाला बसतं ते पाहायला. तळाला काय बसलं ते मला समजलं नाही, पण संशय गेला नाही.

लेप झाल्यावर खरं भांडण पेटलं. टाकीला ओल्या पोत्यांनी गुंडाळलं आणि दिवसातून कितीदा तरी तिच्यावर पाणी मारायचं, असं साहेब सांगून गेला होता. जेठाचे दिवस. विहिरीत चिखल. सून बैलगाडीत ड्रम टाकून तलावावरून पाणी आणी आणि त्या कोरड्या टाकीवर ओती.

"गावाले प्यायले पानी नाही आन् तू भिंतीले पाजून राहिली!"

"मामाजी, तिले आता पानी नाही भेटलं तर ती तडकते."

"जी भिंत पानी नाही भेटलं तर तडकते, ती पानी काय धरन?"

तिनं बैल जुंपले आणि गेली. बैल माझे होते, ते मी अडवले नाहीत. एवढं मी केलं, हे इथं लिहून ठेवतो.

पाऊस लागला. कवेलूच्या छपराला पत्र्याची पन्हाळ लावली होती, तिच्यातून पाणी गाळणीत आणि गाळणीतून टाकीत. आखाडात टाकी गळ्यापर्यंत भरली. गावातली माणसं यायची, बाहेरून बोटानं टिचकी मारायची आणि माझ्याकडे पाहायची. मी म्हणायचो, "पाहू." जो भेटेल त्याला हेच. बाजारात, पानठेल्यावर, धानाच्या रोवण्याच्या बांधावर. आमच्याकडे पाण्याच्या गोष्टीत माझ्या घराण्याचा शब्द विचारतात. मी 'पाहू' म्हणतो म्हणजे गाव 'नाही' समजतं, हे मला माहीत होतं.

रोवणे आटोपले आणि पावसानं उघडीप दिली. कडक ऊन पडलं. अंगण सुकलं, कुंपण सुकलं, कवेलू सुकले. टाकी सुकली नाही. म्हणजे बाकी सगळी सुकली, पण मोहाच्या बाजूनं, कमरेच्या उंचीवर, परातीएवढा एक डाग काळा-ओला राहिला. हात लावला तर पाणी हाताला लागलं.

मी सुनेला हाक मारली नाही. हाक मारायची गरज नव्हती. ती आधीच माझ्या मागं उभी होती आणि तिचं तोंड उतरलं होतं.

दुपारपर्यंत गटाच्या बाया जमल्या. साहेब पुढच्या आठवड्यात टाकी पाहायला येणार होता. आपसात कुजबूज झाली आणि सून माझ्याकडे आली.

"मामाजी, टाकी खाली करतो."

"कायले?"

"ओल आली. खाली करतो, दोन दिवस सुकू देतो, आतून सिमेंटचा हात मारतो. साहेब यायच्या आधी झालं पाहिजे."

"म्हणजे लपवून राहिल्या."

"लपवून नाही, दुरुस्त करून राहिलो."

"साहेबाले सांगून करजो मंग."

मागून एक बाई म्हणाली, "बाबाजी, आमचं काम जाईन ना! तुमच्याच सुनेचं नाव खराब होईन." मी तिच्याकडे पाहिलं. मला त्यांचा डाव कळला होता. जे गळतं ते गळताना दिसलं पाहिजे. ज्या साहेबानं कोंबड्याची जाळी पाठवली त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं की त्याची जाळी कशी गळते. माझ्या अंगणात झाकपाक होणार नाही, सुनेची असली तरी.

मी टाकीच्या तोटीची मूठ पिळून काढली आणि बंडीच्या खिशात टाकली.

"एक थेंब सांडायचा नाही. नव्या तलावाचं पानी आमी पहिलं वर्ष सोडत नाही."

"हा तलाव थोडीच आहे, मामाजी!" सून रडायच्या बेतात होती.

"पानी तर आहे ना?"

तलावाचं मी खोटं सांगितलं नव्हतं. नवी पाळ पहिल्या वर्षी झिरपतेच. आमच्यात पाळीच्या पायथ्याला जिथवर ओल आली तिथं खुंटी ठोकतात आणि रोज पाहतात. झिरपलेलं पाणी निवळ असलं तर पाळीला हात लावायचा नाही, तलाव भरलेला ठेवायचा. गढूळ आलं तर मात्र गाव गोळा करायचं, कारण पाळ आतून वाहून चाललेली असते. पण ते मातीचं. सिमेंटला ते लागू पडतं असं मला तेव्हा वाटत नव्हतं. बायांना अडवायला मी तो नियम पुढं केला, एवढंच. सुनेनं त्या दिवशी मला जेवायला बुढीच्या हातून वाढलं.

पाणी पाहायची दुसरी रीत मला येत नाही. चुलीतला कोळसा घेतला आणि ओल जिथवर होती तिच्या कडेकडेनं रेघ ओढली. उद्या ओल रेघेच्या बाहेर जाईल, परवा आणखी बाहेर. साहेब आला की बोट ठेवून दाखवायचं, पाहा, इथून इथवर वाढली.

दुसऱ्या दिवशी ओल रेघेच्या आत होती.

मला वाटलं, ऊन जास्त पडलं असेल. नव्या कडेला पुन्हा रेघ ओढली. पुढच्या दिवशी ओल तिच्याही आत. आता माझा संशय घरातल्या माणसांवर गेला. बुढी सकाळी अंगण सारवते, तीच फडक्यानं भिंत पुसत असेल.

"तू टाकी पुसून राहिली का वं?"

"मले का दुसरं काम नाही?" बुढी म्हणाली. "तुमी कोळशानं रंगवता, आन् मी पुसू?"

पुसली असती तर रेघही गेली असती, हे तिनं सांगितल्यावर लक्षात आलं. आधी लक्षात आलं नाही असं नाही, पण विचारून घेतलेलं बरं.

मग एका सकाळी ओलीच्या मधोमध पांढरी रेघ दिसली. केसाएवढी बारीक, वाकडीतिकडी. नखानं खरवडली, जिभेला लावली. चुना! मी सुनेला तिथंच बोलावलं.

"चुना भरला ना तू याच्यात?"

"मी?"

"मंग कोन भरला? मले चव माहीत आहे चुन्याची."

ती माझ्या कमरेकडे पाहत म्हणाली, "चुन्याची डबी तर तुमच्याच जवळ राहते, मामाजी."

कुंपणापलीकडून सोबती खदखदून हसला. मी तंबाखूची चंची काढून डबी उघडून पाहिली. खरं सांगतो, माझ्याच डबीतला चुना तिनं काढला असेल असा संशय मला आला होता. डबी भरलेली होती.

पांढरी रेघ जाड होत गेली. ओल तळहाताएवढी राहिली, मग पैशाएवढी, मग हात लावला तर नुसता गारवा. भिंतीवर मात्र माझ्या कोळशाच्या रेघा एकात एक राहिल्या, झाडाचं खोड आडवं कापल्यावर दिसतं तशा.

साहेब आला. बाया भिंतीला टेकून उभ्या, सून सगळ्यांत मागं. सोबती कुंपणावरून आत आला होता, आणखीही चार माणसं होती. माझा शब्द ऐकायला आली होती, हे मला कळत होतं. साहेबानं लहान हातोडीनं टाकी वाजवली. खणखण वाजली. मग तो डागाजवळ बसला. पांढऱ्या रेघेवर बोट फिरवलं, कोळशाच्या रेघांवर बोट फिरवलं.

"या रेघा कोणी ओढल्या?"

मी म्हणालो, "मी. बाहेरची पहिली. तिथवर ओल होती. तुमची टाकी गळत होती."

"मधे टाकी रिकामी केली होती?"

"करून राहिल्या होत्या. मी करू देली नाही."

साहेब उभा राहिला आणि हसला. म्हणाला, "बाबा, फार चांगलं केलं. रिकामी करून उन्हात सुकवली असती तर ही बारीक भेग उघडी पडली असती, मग खरवडून पुन्हा करावं लागलं असतं. भरलेली राहिली की सिमेंटमधला चुनाच पाण्याबरोबर येतो आणि भेग बुजवतो. ताईंना मी शिबिरात सांगितलं होतं हे."

सुनेनं मान खाली घातली. "सांगितलं होतं. पण ओल दिसली आन् भेव वाटलं."

मी साहेबाकडे नीट पाहिलं. झिरपणाऱ्या पाळीची आमची गोष्ट याला कोणी सांगितली? गावातल्याच कोणीतरी सांगितली असणार, आणि आता हा ती आपल्या नावानं सांगून राहिला. मी विचारलंही, "तुम्हाले हे कोन सांगितलं?" तो म्हणाला, "कॉलेजात शिकलो." कॉलेजाला कोणी सांगितलं, ते तरी त्याला कुठं माहीत असणार.

तेवढ्यात सोबती पुढं आला. थट्टा करत नव्हता, हे त्याच्या आवाजावरून कळलं. त्याचीही सून झिऱ्यावर जायची.

"बुढ्या, साहेबाचं राहू दे. तू सांग. माह्या आंगनात ठेवू का एक?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. साहेबसुद्धा. सून मागं होती, तिनं मान वर केली नाही. तिचा हात तेवढा दिसत होता. अंगठ्याचं कातडं सिमेंटनं खाल्लेलं, तारेनं चिरलेलं. त्या हातानं तिनं पोत्यावर पाणी मारलं होतं, मला जेवण मात्र बरेच दिवस वाढलं नव्हतं.

"अजून चैत पाहाचा आहे," मी म्हणालो.

बाया हलल्या. साहेब काही बोलायच्या बेतात होता, मी त्याला हातानं थांबवलं.

"मले विचारून राहिला ना तू? मंग पुरतं आयक. चैताचं चैतात पाहू. पन तू ठेव. जाळी या बायायच्याच हातची ताणलेली पाहिजे. बाहेरचा मिस्त्री आला तर माह्या आंगनातून रस्ता नाही भेटणार, सांगून ठेवतो."

सोबत्याच्या अंगणात बैलगाडी जायला आमच्या अंगणातूनच वाट आहे.

"आन् मी पाहाले येईन," मी म्हणालो.

"येशील नाही तर काय," सोबती म्हणाला. "तुह्याशिवाय कोनाले एवढी फुरसत आहे?"

माणसं हसली. सून हसली की नाही ते मी पाहिलं नाही. मी बंडीच्या खिशातून तोटीची मूठ काढून तिच्या हातात दिली आणि तंबाखू मळायला बसलो. संध्याकाळी तिनं ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. आंबाडीची भाजी होती.

सोबत्याच्या टाकीचं सामान पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी उतरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, बाया यायच्या आधी, मी कुंपण ओलांडून त्याच्या अंगणात गेलो. सोबती दातण करत होता. त्याला म्हटलं, सिमेंटचं पोतं फोड. "काऊन?" म्हणाला. मी म्हटलं, फोड. त्यानं कुरकुरत शिवण उसवली. मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. चांगलं सिमेंट आत गार लागतं म्हणतात, शिळं असलं तर खडे लागतात. गार लागलं. खडा नव्हता. हात झटकला आणि त्याला दुसरंही पोतं फोडायला लावलं.